विश्लेषण : गेममधली कुदळ झिजते, पण भुर्दंड कोणाला?

माइनक्राफ्टमध्ये लाकडी कुदळ ५९ घाव टिकते. दगडी १३१, लोखंडी २५० आणि हिऱ्याची १५६१. सोन्याची मात्र अवघे ३२ घाव, कारण सोने मऊ. तेवढे वास्तव निर्मात्यांनी पाळले आहे. शेवटचा घाव पडला की खट् आवाज होतो आणि कुदळ हातातून नाहीशी होते. दांडा उरत नाही, पाते उरत नाही, भंगारात घालायलाही काही राहत नाही. बीजीएमआय खेळणाऱ्यांना हाच प्रकार हेल्मेट आणि व्हेस्टमुळे ठाऊक आहे. गोळ्या झेलता झेलता त्यांची पट्टी उतरत जाते. पण तिथला सामना अर्ध्या तासात संपतो, पुढच्या सामन्यात सगळे कोरे.

ज्या ऑनलाइन गेममध्ये जग महिनोन्‌महिने तसेच चालू राहते, तिथे मात्र हा प्रश्न गंभीर होतो. अशा खेळांना ‘सँडबॉक्स’ म्हणतात. ठरलेली गोष्ट नाही, ठरलेला शेवट नाही. वाळूच्या ढिगाऱ्यात मुले जसे हवे ते बांधतात, तसे इथे खेळाडू घरे, हत्यारे, जहाजे बांधतात, विकतात आणि एकमेकांची मोडतात. महिनाभर राबून बनवलेली वस्तू झिजावी का, किती झिजावी, दुरुस्त व्हावी का, यावर गेली पंचवीस-तीस वर्षे खेळाडू आणि कंपन्या भांडत आहेत. भांडणाचे कारण पडद्यावरची कुदळ नसते. झीज भरून काढायला कोणाचा तरी वेळ जातो किंवा कोणाचा तरी पैसा, आणि तो कोणाचा हे नियम लिहिणारी कंपनी ठरवते.

या वादात ‘वास्तव’ हा शब्द वारंवार येतो. वस्तू खरी कशी झिजते, हे पाहायला दापोडीइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

दापोडीत काय चालते?

पुण्याहून जुन्या मुंबई महामार्गाने निघून मुळेवरचा हॅरिस पूल ओलांडला की दापोडी लागते. एसटी महामंडळाच्या राज्यात तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. नागपूरला हिंगणा, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि पुण्याला दापोडी. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, ती लाकडी बॉडीची. पुढे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आला, अलीकडच्या काळात माइल्ड स्टीलची बॉडी आली. कंपनीकडून आलेल्या चासीवर बॉडी चढवणे आणि थकलेल्या गाडीची बॉडी उतरवून त्याच चासीवर नवी बांधणे, ही इथली ओळखीची कामे.

एसटीत झिजेची उतरंड असते. रोजची धुलाई, हवा, ऑइल, ब्रेक हे आगारात. मोठे काम निघाले तर विभागीय कार्यशाळा. गाडी पूर्ण उघडायची वेळ आली तर मध्यवर्ती. म्हणजे एकच बस एकाच वेळी अनेक वयांची असते. चासी दहा वर्षांची, बॉडी दोन वर्षांची, टायर रिमोल्ड केलेले, ब्रेक लायनर गेल्या महिन्यातले. या बसची ‘हेल्थ’ किती टक्के, असे विचारले तर मेकॅनिक हसेल. तो विचारेल, कशाची?

कायदाही झिजेला एका आकड्यात बसवत नाही. प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. जुनी झाली म्हणून गाडी बाद होत नाही, तिची तपासणी जवळ जवळ येत जाते. सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या गाड्यांना मात्र १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांची रेघ आहे. त्यापुढे नोंदणीचे नूतनीकरण नाही, गाडी कितीही धडधाकट असो. गेमच्या भाषेत बोलायचे तर आधी झीज आणि शेवटी सरळ मुदत.

मग गेममध्ये झीज आणलीच कशाला?

वास्तवाच्या हौसेपोटी आणली, असे अनेक खेळाडूंना वाटते. खरे कारण हिशेबाचे होते.

सप्टेंबर १९९७ मध्ये आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ या गेमने सुरुवातीला मोठा महत्त्वाकांक्षी बेत केला होता. जगातला एकूण कच्चा माल ठरावीक ठेवायचा. खेळाडूने लोखंड काढले, तलवार केली, तलवार मोडली की ते लोखंड पुन्हा जगात परत. कागदावर हे सुंदर दिसते. प्रत्यक्षात खेळाडूंनी जे मिळेल ते साठवून ठेवले. पेट्या भरल्या, घरे भरली आणि नव्याने आलेल्याला खणायला काही उरेना. शेवटी हा बेत गुंडाळून नळ आणि मोरीची पद्धत स्वीकारावी लागली. नळातून माल सतत येत राहतो. मोरीतून तो वाहून गेला नाही तर घरात पाणी साचते. गेममध्ये साचणे म्हणजे महागाई. सगळ्यांकडे सगळे आहे, त्यामुळे कशालाच किंमत नाही.

वस्तू झिजणे ही सर्वांत प्रामाणिक मोरी. जमिनीवर टाकलेली वस्तू काही वेळाने नाहीशी होई, मालक फिरकला नाही तर घरही कोसळे. अशा मोडकळीला आलेल्या घराबाहेर आतला माल लुटण्यासाठी खेळाडू तासन्‌तास टपून उभे राहत. भिशी फुटायच्या दिवशीही इतकी गर्दी होत नसेल!

याच गेममध्ये एक नियम होता, ज्यावर तेव्हाही रड होती आणि आजही आहे. वस्तू दुरुस्त करता येते, पण दुरुस्तीत तिची कमाल क्षमता घटू शकते. शंभराची तलवार पुढे नव्वदचीच, मग ऐंशीची. ‘दुरुस्त केली तर नवी का होत नाही?’ हा खेळाडूंचा सवाल. कोणत्याही गॅरेजवाल्याला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. झिजलेला क्रँकशाफ्ट ग्राइंड करून पुन्हा गुळगुळीत करतात, तेव्हा त्याचा व्यास थोडा कमी होतो, मग अंडरसाइज बेअरिंग घालावे लागते. असे ग्राइंडिंग मोजक्याच वेळा होते. ब्रेक ड्रम लेथवर घासून सारखा करतात, पण कमाल किती व्यासापर्यंत घासायचा तो आकडा बहुधा ड्रमवरच कोरलेला असतो. तो ओलांडला की ड्रम भंगारात. दुरुस्ती म्हणजे शिल्लक धातू खर्च करणे. अल्टिमाचा सर्वांत अन्यायकारक वाटणारा नियम हाच त्यातला सर्वांत खरा होता.

माइनक्राफ्टनेही ऐरणीवर तसेच केले. तीच वस्तू पुन्हा पुन्हा दुरुस्त करू गेलात तर प्रत्येक खेपेला किंमत चढते आणि एका टप्प्यानंतर ‘फार महाग’ असे सांगून ऐरण नकार देते. ऐरणही वापरून वापरून तडकते. पण २०१६ मध्ये ‘मेंडिंग’ नावाची जादू आली, अनुभवाचे गुण मिळवत राहिले की वस्तू आपोआप भरू लागली आणि जाणत्या खेळाडूंपुरती झीज जवळपास संपली.

झिजेवर कोणाचे पोट चालते?

इथे ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’चे उदाहरण घ्यायलाच हवे. अल्टिमाचे प्रमुख रचनाकार राफ कॉस्टर हेच २००३ मध्ये आलेल्या या गेमचे क्रिएटिव्ह डायरेक्टर होते. यात हत्यारे, चिलखते, घरे, कपडे बहुतेक सगळे खेळाडूंनीच बनवायचे. कच्च्या मालाच्या खाणी काही दिवसांनी संपत आणि नवा माल वेगळ्या गुणाचा येई. त्यामुळे चांगला कारागीर नावाने ओळखला जाई. वस्तू झिजत असल्याने गिऱ्हाईक परत येई. लढाईत रस नसलेले हजारो खेळाडू केवळ दुकान चालवण्यासाठी या गेममध्ये राहत होते.

२००५ मध्ये कंपनीने गेमची रचना मुळापासून बदलली. शत्रू मारून आयता मिळणारा माल महत्त्वाचा झाला, कारागिरांचे महत्त्व घसरले. जुने खेळाडू मोठ्या संख्येने सोडून गेले आणि डिसेंबर २०११ मध्ये गेम बंद पडला. कारणे आणखीही होती, पण कारागिराचे दुकान ओस पडले की गाव ओस पडते हे पिंपरी-चिंचवडकरांना वेगळे सांगायला नको. इथल्या मोठ्या कारखान्यांवर जितकी घरे चालतात, तितकीच सुट्या भागांच्या आणि दुरुस्तीच्या छोट्या शेडवर चालतात. भाग झिजलाच नाही तर शेडला कुलूप.

‘ईव्ह ऑनलाइन’ने ही गोष्ट टोकाला नेली. तिथे उद्ध्वस्त झालेले जहाज कायमचे जाते आणि जवळपास प्रत्येक जहाज खेळाडूंनी खनिज काढून बनवलेले असते. या गेमच्या आइसलँडच्या कंपनीने २००७ मध्ये चक्क एका अर्थतज्ज्ञाला नोकरीवर ठेवले. जानेवारी २०१४ मधली तिथली सर्वांत गाजलेली लढाई कशावरून पेटली? एका प्रदेशाच्या ताब्यासाठी ठरावीक मुदतीत भरायचे देखभालीचे बिल भरायचे राहून गेले. ताबा सुटला, शत्रू आले, सुमारे २१ तास लढाई चालली आणि ‘टायटन’ जातीची ७५ महाकाय जहाजे नष्ट झाली. नुकसानीचा अंदाज खऱ्या पैशांत ३ लाख डॉलरच्या घरात सांगितला गेला. ज्यांची जहाजे गेली त्यांचे दुःख खरे होते. ज्यांना पुढचे कित्येक महिने ती पुन्हा बांधायचे काम मिळाले, त्यांचा आनंदही.

पट्टी आणि टक्के हे खोटे आहेत का?

सरसकट नाही. भोसरी किंवा चाकणच्या कोणत्याही मशीन शॉपमध्ये सीएनसीवर काम करणाऱ्याला विचारा. कार्बाइड इन्सर्टचे ‘टूल लाइफ’ ठरलेले असते. इतके जॉब झाले की कॉर्नर बदलायचा, सगळे कॉर्नर संपले की इन्सर्ट बदलायचा. मशीनच्या कंट्रोलरवरच मोजणी चालू असते. माइनक्राफ्टच्या २५० घावांपेक्षा हे फार वेगळे नाही. फरक एवढाच की कारखान्यात इन्सर्ट तुटण्याआधी बदलतात, कारण तुटला तर जॉबही जातो. गेममध्ये कुदळ शेवटच्या घावापर्यंत नव्यासारखी चालते.

खरी झीज एकसारख्या वेगानेही होत नाही. नवे हत्यार सुरुवातीला थोडे भराभर झिजते, मग बराच काळ संथ आणि शेवटी एकदम कोसळते. शिवाय कसे वापरता यावर सगळे अवलंबून. अमेरिकी अभियंता फ्रेडरिक टेलरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडले होते की कापण्याचा वेग थोडा वाढवला तरी हत्याराचे आयुष्य खूप घटते. एसटीतही एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एक घाटात आणि एक सपाटीवर, सारख्या झिजत नाहीत. ब्रेक, क्लच, पाटे यांचा वेग वेगळा. गाडी आधी सांगते देखील: आवाज बदलतो, स्टिअरिंगला खेळ येतो, जळका वास येतो.

हे पकडणारे गेम थोडे आहेत, पण आहेत. ‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’मध्ये गाडीचे टायर, ब्रेक, सस्पेन्शन, बॅटरी यांची अवस्था स्वतंत्र असते आणि हत्याराची प्रत्येक पुढची दुरुस्ती आधीपेक्षा कमी लागू पडते. ‘डेझी’मध्ये टक्क्यांऐवजी कोरी, वापरलेली, खराब, फार खराब, निकामी अशा पाच अवस्था आहेत, कपडे भिजतात, अन्न नासते. दापोडीच्या शेडमध्ये ही पाच नावे चालून जातील. टक्क्यांत कोणीच बोलत नाही.

बहुतेक गेममध्ये दोन गोष्टी मात्र सपशेल गैरहजर असतात. एक, वेळेवर ग्रीस भरून झीज रोखणे. नियमित निगेला बक्षीस देणारा नियम क्वचितच दिसतो. मोडल्यावरची शिक्षा मात्र सगळीकडे. दुसरी गोष्ट म्हणजे भंगार. एसटीत बाद झालेल्या गाडीतूनही उपयोगी भाग निघतात, उरलेल्याचा लिलाव होतो. हवेत विरणारी कुदळ हे आळशी लेखन आहे, वास्तव नव्हे.

वास्तव जास्त झाले तर?

मग तो खेळ उरत नाही, पाळी होते. ‘रस्ट’ या गेममध्ये तुम्ही बांधलेल्या तळाला रोज देखभालीचा माल लागतो. कपाटात लाकूड, दगड, धातू भरून ठेवायचे. संपले की भिंती सडू लागतात. तुम्ही ऑनलाइन आहात की नाही याच्याशी भिंतीला देणेघेणे नाही. यामागचा हेतू पटण्यासारखा आहे, सोडून दिलेल्या किल्ल्यांनी सर्व्हर भरून जाऊ नये. पण याचा अर्थ असा की गेमने तुमच्या गैरहजेरीला भाडे लावले. विद्यार्थ्याला सुट्टीत ते परवडते. एका आठवड्याला पहिली पाळी, दुसऱ्याला रात्रपाळी करणाऱ्या चाकणच्या कंत्राटी कामगाराला परवडत नाही. तो बारा तास घराबाहेर असतो, झोपून उठतो आणि गेम उघडल्यावर त्याला आधी कपाट भरायचे असते. दिवसभर प्रिव्हेंटिव्ह मेन्टेनन्सचा तक्ता भरून आलेल्या माणसाला रात्री पुन्हा तोच तक्ता!

आमचे मत स्पष्ट आहे. वापराने होणारी झीज रास्त. न वापरता, केवळ घड्याळ पुढे सरकले म्हणून होणारी झीज खेळाडूवरचा कर आहे. तो लावायचाच तर मुदत उदार हवी. उभ्या गाडीला गंज चढतो हे खरे, पण तो आठवड्याच्या रजेत चढत नाही.

कंपनीने झीज विकली तर?

यात सर्वांत जपून राहण्याची जागा ही. नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या ‘फॉलआउट ७६’ या ऑनलाइन गेममध्ये बंदुका आणि चिलखते झिजतात. त्याच्या दुकानात फक्त दिखाऊ सजावट विकली जाईल, असे आधी सांगितले गेले होते. एप्रिल २०१९ मध्ये तिथे दुरुस्तीचे किट आले, तेही खऱ्या पैशांनी घेता येणाऱ्या ‘अ‍ॅटम’ या नाण्यांत. ही नाणी खेळून थोडीफार मिळत होती, तरीही खेळाडू भडकले आणि ते योग्यच होते. ज्या दिवशी दुरुस्ती विकायला काढली, त्या दिवसापासून वस्तू किती लवकर मोडावी हा प्रश्न खेळाच्या समतोलाचा राहत नाही, गल्ल्याचा होतो. गाडी बिघडवणारा आणि दुरुस्त करणारा एकच असेल तर त्या गॅरेजमध्ये कोण जाईल?

स्वीडनच्या ‘एन्ट्रोपिया युनिव्हर्स’ने मात्र २००३ पासून हे उघडच ठेवले आहे. तिथले १० पेड म्हणजे १ अमेरिकी डॉलर. बंदुकीची प्रत्येक गोळी बंदूक झिजवते आणि ती झीज तितकेच पेड भरून दुरुस्त करायची. निदान भावफलक दारावर लावलेला आहे.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा झाला, त्याने खेळांचे ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि पैशांचे गेम असे भाग केले आणि शेवटच्या प्रकारावर बंदी घातली. जिंकून पैसे मिळवण्याच्या अपेक्षेने पैसे लावणे हा त्याचा विषय. तुमची कुदळ मुद्दाम लवकर मोडून किट विकणे त्यात बसत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात खोटी घाई लावणे, सतत टोचत राहणे असे १३ प्रकार आहेत. ‘पाच मिनिटांत दुरुस्त करा, नाहीतर वस्तू जाईल, फक्त २९ रुपये’ असा संदेश त्यात बसतो का, हे कोणीतरी तक्रार केल्याशिवाय ठरणार नाही. पालकांनी मुलांच्या फोनमधला खरेदीचा इतिहास पाहताना नवे पोशाख किती घेतले यापेक्षा दुरुस्ती, रिफिल, एनर्जी अशा नावांखाली किती छोट्या रकमा गेल्या, ते पाहावे. मोठी खरेदी डोळ्यांत भरते, ही भरत नाही.

पुण्यातही गेम बनतात. युबिसॉफ्टचा स्टुडिओ इथे २००८ पासून आहे, सुपरगेमिंगचा ‘इंडस बॅटल रॉयल’ २०२४ मध्ये आला. उद्या इथल्या कोणी भारतीय सँडबॉक्स करायला घेतला, तर झिजेचे नियम लिहिण्याआधी त्यांनी दापोडीचा एक फेरा मारावा. निगेचे बक्षीस, भागागणिक वेगळी झीज, दुरुस्तीची मर्यादा, शेवटी भंगाराची किंमत, हे सगळे तिथे रोजच्या जॉबकार्डवर लिहिलेले सापडेल.

आणि पूर्ण गेमच मोडला तर?

वस्तूच्या झिजेवर एवढा वाद घालणाऱ्या खेळाडूंना गेल्या दोन वर्षांत वेगळीच चिंता लागली आहे. युबिसॉफ्टचा २०१४ मधला ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतींचा गेम ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाला. सर्व्हर गेला, त्यामुळे विकत घेतलेली प्रतही चालेना. गॅरेजमध्ये चकाचक ठेवलेल्या, कधीही न गंजणाऱ्या सगळ्या गाड्या एका रात्रीत गेल्या. कॅलिफोर्नियात खेळाडू न्यायालयात गेले. कंपनीचे म्हणणे, तुम्ही गेम घेतला नव्हता, वापरण्याचा परवाना घेतला होता. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून अशी डिजिटल वस्तू विकताना ‘हा परवाना आहे’ हे ग्राहकाला स्पष्ट सांगणे बंधनकारक झाले. युरोपात विकलेले गेम खेळण्याजोगे ठेवावेत या मागणीच्या नागरिक-याचिकेने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. आपल्याकडे ‘बाय’चे बटण दाबताना परवाना हा शब्द अजून अटींच्या लांबलचक पानातच शोधावा लागतो.